माझ्या पोटातलं अकरावं प्रकरण

मी गोधडी बोलतेय. आता वय झालं, फारशी वाजत नाही, फक्त डाव्या कोपऱ्यात जरा चुरचुरते. पूर्वी सगळं अंग वाजायचं. कुणी नुसती कूस बदलली तरी शेजारच्या खोलीत कळायचं. गोधडीने ऊब द्यावी आणि गप्प पडून राहावं हे मलाही समजतं, पण दोष माझा नाही. मी एका लेखिकेच्या हातची आहे.

ज्या हिवाळ्यात आमच्या बाईंना काही म्हणजे काही सुचेना, त्या हिवाळ्यात माझा जन्म झाला. कादंबरीची दहा प्रकरणं भराभर झाली होती. अकरावंही एकदा लिहून झालं, आणि तिथेच गाडं अडलं. मग रोज सकाळी टेबलापाशी बसायचं, पेनात शाई भरायची, पेन पुसायचं, खिडकीबाहेरचं झाड जागेवर आहे ना ते बघायचं आणि चहा करायला उठायचं. याला त्या घरात लेखन म्हणत. नवरा बिचारा दाराबाहेरून चवड्यांवर चालायचा, न जाणो एखादं वाक्य दचकायचं.

दर सोमवारी संपादक फोन करून अकराव्याची चौकशी करत. बाई सांगत, शेवटचा हात फिरवतेय. तो हात तेव्हा बहुधा उशीवरून फिरत असे.

अडायला कारण होतं. कादंबरी एका मुलीची आणि तिला वाढवणाऱ्या मावशीची होती. नावं बदलली की माणसं ओळखू येत नाहीत, अशी लेखक मंडळींची एक गोड समजूत असते. अकराव्यात मात्र बाईंनी घडलं तेच लिहून टाकलं. आई गेल्यावर मावशीने शर्टांच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवून त्यांना मोठं केलं. एकदा त्या डबा विसरल्या, म्हणून मावशी कामावरून तशीच, अंगाला दोरे चिकटलेले, शाळेच्या फाटकाशी आली. ती वळून चालू लागल्यावर मैत्रिणींनी विचारलं, ही कोण? तेव्हा नऊ वर्षांच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कामाला येते."

हे मावशीने वाचलं तर? या एका प्रश्नापुढे पेन उचलेना.

डोकं चालत नाही तर निदान हात तरी चालू देत, असं म्हणून बाईंनी गोधडी शिवायचं काढलं. आणि शिकवायला कोण, तर मावशीच. ती दोन गल्ल्या सोडून राहायची. दुपारी स्वतःची कात्री घेऊन यायची, कारण दुसऱ्याच्या कात्रीवर तिचा विश्वास नव्हता. तिची रीत अशी: जाड कागदाचे षटकोन कापायचे, प्रत्येकावर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, मग तुकड्याला तुकडा जोडत जायचं. अस्तर लावायच्या आधी मात्र सगळे कागद काढून टाकायचे. हे तिने तीनदा बजावलं.

घरात सगळ्यात जाड कागद हस्तलिखिताचा. बाईंनी मावशी यायच्या आधी अकरावं प्रकरण घेतलं आणि त्याचे चौऱ्याऐंशी षटकोन केले. दुसरी प्रत नव्हती. लिहिलेली बाजू कापडाकडे, कोरी बाजू वर. मावशी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची आणि टाका वाकडा गेला की उसवायला लावायची. बाई निमूट उसवायच्या. संपादकाने स्वल्पविराम हलवला तर दोन दिवस न जेवणाऱ्या याच बाई, बरं का.

मी छान वाढले. नवऱ्याचे निळे शर्ट, एक जुना पडदा, सगळं माझ्यात आलं. पुस्तकाचं नाव काढायला घर घाबरायचं, पण माझं कौतुक आल्यागेल्याला ऐकावं लागे.

अस्तर लावायच्या दिवशी मावशी आली नाही. तिला ताप भरला होता. बाईंनी कागद काढायला घेतले, पहिल्यावरच्या दोन ओळी वाचल्या आणि हात थांबला. फेकवेनात, ठेववेनात. मग शिकलेली माणसं अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं. वरून अस्तर लावून टाकलं.

पुढचा पराक्रम नवऱ्याचा. बाई आंघोळीला गेल्या असताना त्याने मला गुंडाळलं आणि आजारी मावशीच्या अंगावर नेऊन घातलं. परत येऊन म्हणाला, किती खूश झाली म्हणून सांगू. लेखिकेचा चेहरा पांढराफटक पडला. तो समजला, आनंदाने पडला.

चार दिवस बाई तिकडे फिरकल्या नाहीत. ताप फोनवरच विचारला. तेवढ्यात आठवून आठवून अकरावं पुन्हा लिहिलं. त्यात मुलगी मैत्रिणींना अभिमानाने सांगते, ही माझी मावशी, आणि सगळे हसतात. संपादक म्हणाले, भाषा सुंदर आहे, फक्त यात कुणाला काही होत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बाई मावशीकडे गेल्या. मावशी पलंगावर बसली होती, नाकावर चष्मा, हातात कात्री. माझं पोट उसवलेलं, आणि चादरीवर कागदाचे षटकोन ओळीला ओळ जुळवून मांडलेले. आयुष्यभर कॉलरी जुळवलेल्या हातांना त्यात काय अवघड.

"अस्तराच्या आधी कागद काढायचे असतात," मावशी म्हणाली. "तीनदा सांगितलं होतं."

बाई पलंगापाशी आल्या. मावशी, ते मी, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"त्या दिवशी मी शाळेच्या कोपऱ्यापर्यंतही पोचले नव्हते गं. तेव्हाच ऐकलं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"नऊ वर्षांची होतीस, तुला काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी मी चांगले कपडे घालून आले होते फाटकाशी. तू बघितलंच नाहीस." मावशीने चष्मा काढून पुसला. "हे नाहीये यात. हे लिही."

बाई खूप रडल्या. मी जवळच होते, पण उसवलेली. मला काय पुसता येणार?

कागद घरी गेले आणि आठवडाभरात प्रकरण पुरं झालं. बाईंनी षटकोन मोजले तर त्र्याऐंशी भरले. शेवटचा, ज्यावर शेवटचं वाक्य होतं, तो सापडेना. मावशी म्हणाली, पलंगाखाली बघ. बाईंनी पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं आणि ते वाक्य दुसऱ्यांदा लिहवेना म्हणून शेवटी त्याच्याविना पुस्तक छापलं. प्रकरणाचा शेवट अर्ध्यावर सोडून लेखिकेने केवढा संयम दाखवला, असं परीक्षणांत आलं. बाईंनी तेही मान्य करून टाकलं.

संयम कसला डोंबलाचा. मला पुन्हा शिवताना मावशीने तो षटकोन माझ्या डाव्या कोपऱ्यात घातला आणि भोवती दुहेरी टाका मारला. त्यावर लिहिलंय, 'तिला आई म्हणायचं राहून गेलं.' मावशी झोपताना तोच कोपरा हनुवटीखाली घेते.

माझं एवढंच मागणं आहे. पुढेमागे मी तुमच्या हाती आले आणि मला धुवायला काढलंत, तर तेवढा कोपरा पाण्याबाहेर धरा. शाई कच्ची आहे.