कडेवरचं पिल्लू

माझ्या छातीवरचा पितळी बिल्ला दर वसंतात नवा करून घ्यावा लागतो. बिल्ला नसेल तर वाटाड्याला देवदारांच्या जंगलात पाहुणे नेता येत नाहीत. त्याच जंगलात मी चाळीस वर्षं मेंढरं नेली, तेव्हा कुणी बिल्ला विचारला नाही. बिल्ल्यासाठी परीक्षा असते, म्हणून एकसष्टाव्या वर्षी मशिदीतल्या वर्गात बसून अक्षरं शिकलो. एवढ्या कष्टानं मिळवलेली वस्तू माणूस सहज सोडत नाही.

यंदा त्याच्या कागदावर सही करायची होती जंगलखात्याच्या कचेरीतल्या शरकावीला. आणि त्याच्या मेहुण्याचा माझ्या बिल्ल्यावर डोळा होता. हा मेहुणा कुत्रं भुंकलं तरी गाडीत चढून काचा लावून घेतो.

"बास्सूकाका," शरकावी म्हणाला, "राजधानीहून मोठे साहेब येतायत, कुटुंबासकट. त्यांना माकडं दाखवा. साहेब खूश झाले तर सही. नाहीतर तुमचंही आता वय झालंय."

"माझं झालंय, माकडांचं नाही," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी मंडळी आली. साहेबांच्या पायांत पांढरे बूट आणि गळ्यात दुर्बीण. तिची झाकणं दिवसभरात निघाली नाहीत. बाई, लल्ला नुझहा, तेवढ्या डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या. त्यांची सात महिन्यांची रीम गाडीचं दार उघडताच शरकावीच्या कडेवर गेली. कुणी दिली नव्हती, त्यानंच उचलली. सरपणाच्या परवान्यासाठी म्हाताऱ्या बायांना सकाळपासून खिडकीशी तिष्ठत ठेवणारा हा माणूस. "गुटुगुटु, गुटुगुटु," तो म्हणाला. दहा वर्षांत त्याचा हा आवाज मी ऐकला नव्हता.

आम्ही चढू लागलो. सावलीत अजून बर्फाचे तुकडे होते, उन्हात गवत फुटलं होतं.

"इथं प्राणी किती वाजता येतात?" साहेबांनी विचारलं.

"निरोप पाठवलाय साहेब, येतीलच."

शरकावीनं आधी साहेब हसतायत का ते पाहिलं आणि मग तो हसला.

"द्या हो तिला इकडे, दमला असाल," बाई म्हणाल्या.

"छे छे! फुलासारखी हलकी आहे!"

फूल त्याच्या मिशा उपटत होतं आणि त्याचा नवा कोट केव्हाच ओला झाला होता. पण साहेब दगडावर टेकले रे टेकले, की हा पोर घेऊन शेजारी हजर. "रीमला इथली हवा मानवली, साहेब. आता माझी जर शहरात बदली झाली तर..." साहेब पोरीकडं बघून हसायचे, आणि हा बदलीचं घोडं वीतभर पुढं दामटायचा.

झऱ्याच्या वर टोळी दिसली. पडलेल्या देवदारावर कान फाटलेला थोराड नर बसला होता. खालून एक किडकिडीत नर आला. त्यानं एका मादीजवळून काळंभोर, नुकतं जन्मलेलं पिल्लू उचललं, पोटाशी धरलं आणि सरपटत थोराडाकडं गेला. दोघं पिल्लावर वाकले आणि दात कडकड वाजवू लागले. मग किडकिडीत नर खांद्याला खांदा लावून ऐटीत बसला.

"काका, हा बाप का त्याचा?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग पिल्लू कशाला उचललं?"

मी बिल्ल्याला हात लावला.

"सांगा की काका!" पोर झुलवत शरकावीच म्हणाला. "वाटाडे आहात ना?"

मग सांगितलं. "बाई, थोराडाकडं रिकाम्या हातानं गेलं तर तो चावतो. म्हणून हलका नर कुणाचं तरी पिल्लू उचलून नेतो. पिल्लू पाहून मोठा निवळतो, आणि याला जवळ बसायला मिळतं."

"आणि पिल्लाचं काय?"

"पिल्लाला कुणी विचारत नाही."

बाईंनी माकडाकडं पाहिलं, शरकावीकडं पाहिलं आणि रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

"हुशार जात आहे!" साहेब म्हणाले. "शरकावी, बघून घे."

शरकावी बघत होता, पण माझ्याकडं. आता पोर खाली ठेवावी तर कबुली, आणि कडेवर ठेवावी तर तमाशा. गाडीपर्यंत त्यानं तमाशाच केला.

सोमवारी कचेरीत गेलो. त्यानं मान वर केली नाही. "साहेब खूश होते. मी नाही. गुरुवारी मेहुणा येतोय, बिल्ला आणून द्या."

घरी आलो. इत्तो, माझी बायको, कणीक मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माकडाला जे कळतं ते तुम्हाला कळत नाही," ती म्हणाली. हात पुसून शेजारी गेली आणि त्यांचं पाच महिन्यांचं पोर घेऊन आली. "हं, धरा. उद्या घेऊन जा."

"अगं, हे आपलं कुठं आहे?"

"त्या माकडाचं तरी कुठं होतं?"

मंगळवारी पोर कडेवर घेऊन रांग ओलांडली आणि थेट आत गेलो. शरकावीनं ओरडायला तोंड उघडलं, पोर पाहिलं आणि तोंड तसंच राहिलं. पोरानं त्याचं बोट धरलं. आम्ही दोघं पोरावर वाकलो.

"गुटुगुटु," तो म्हणाला.

"गुटुगुटु," मी म्हणालो. माझे चारच दात उरलेत, तेवढे वाजवले.

उजव्या हाताचं बोट पोराच्या मुठीत अडकलं होतं, म्हणून सही त्यानं डाव्या हातानं केली.

बाहेर रांगेत सरपणवाली हनिया म्हातारी सकाळपासून उभी होती.

"बास्सू, झालं का रे काम?"

"झालं."

"मग ते पोर दे जरा इकडं."

मी दिलं. तिच्या मागच्या दोघीही हात पुढं करून उभ्या होत्या. पोराला कुणी विचारलं नाही.