कोटाच्या कारखान्यातला उघडा पाइप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाइप आहे आणि मी कुणाचीही माफी मागणार नाही.

लिथुआनियात रोकिश्किस गावाजवळ हिवाळी कोट शिवण्याचा एक कारखाना आहे. बॉयलरमधले कढत पाणी अंगणाखालून शिवणखात्यात नेणे हे माझे काम. मला पुरले तेव्हा माझ्या अंगावर ऊब धरून ठेवणारे काचेच्या लोकरीचे जाड पांघरूण होते. तीस वर्षांत ते कुजून गळून पडले. मी खूप ठणठणाट केला. वर कुणीतरी म्हणाले, "उंदीर असतील."

मग माझे कौतुक सुरू झाले. जानेवारीत सगळे अंगण बर्फाखाली आणि माझ्या डोक्यावर चाळीस मीटर लांब हिरवेगार गवत. मालक रायमोंडास पाहुण्यांना तिथे उभे करून सांगत, "आमची मातीच कसदार." त्यांनी तिथे बाक टाकला, शेपू पेरला. भर हिवाळ्यात उकडलेल्या बटाट्यांवर ताजा शेपू घालून खाणारा तालुक्यातला तो एकटा माणूस.

वाटेतच सगळी ऊब जाई, म्हणून शिवणखात्यात पाणी पोचे ते कोमटच. तिथे अठरा बायका कोट घालून कोट शिवत. एकदा तर गेनेबाईंनी स्वतःच्या अंगातल्याच कोटाला गिऱ्हाइकाची बटणे लावली. मालकांनी बॉयलरमध्ये दुप्पट लाकूड घालायला लावले. शेपू गुडघ्यापर्यंत आला.

फेब्रुवारीत म्हाताऱ्या स्तासेबाईंच्या बधिर बोटात यंत्राची सुई घुसली. मालक मान खाली घालून म्हणाले, "एवढं जाळूनही खातं तापत नाही. उन्हाळ्यापर्यंत बंद ठेवू. सगळ्या घरी जा."

"मी नाही जात," स्तासेबाई म्हणाल्या. "फावडं कुठंय?"

"कशाला?"

"आम्ही इथं गारठतोय आणि बाहेर शेपूला घाम फुटतोय. बघू तरी, त्याच्या खाली कोण बसलंय."

"बाई, शेपूला हात लावायचा नाही."

"मग तुम्ही बसा शिवायला. मी बाकावर बसते."

बोटाला चिंधी बांधून त्यांनी खणले. माती लोण्यासारखी मऊ होती. मी दिसलो. मी लाजलो नाही.

"अहो रायमोंडास, हा उघडा आहे," त्या म्हणाल्या. "कोटाच्या कारखान्यात."

मालकांनी शेपूची शेवटची जुडी खुडून घेतली. मग म्हणाले, "माप घ्या."

छाती साठ सेंटिमीटर, उंची चाळीस मीटर. आत काचेची लोकर, बाहेर ताडपत्री. हाताच्या सवयीने चार खिसेही लागले. एकात कुणाचा तरी रुमाल राहिला आहे. मी तो देणार नाही.

शिवणखाते आता चालू आहे. बायकांनी कोट काढले, तेव्हा गेनेबाईंचा स्वेटर हिरवा असल्याचे अकरा वर्षांनी सगळ्यांना कळले. माझ्या डोक्यावर चारचौघांसारखा बर्फ असतो. मालक पाहुण्यांना सांगतात, "माती बिघडली."

मित्रांनो, भर थंडीत कुठे हिरवे गवत दिसले, तर मातीचे गोडवे गाऊ नका. खाली कुणीतरी उघडे आहे. येताना फावडे आणा, आणि माप घ्यायची टेपही.