मागच्या रांगेतलं इथर

बाबांनी इथरची ती बाटली मुकाट्याने सोडली, हे आधीच सांगून टाकतो. आता ते विसरा. असं काही अद्याप घडलेलंच नाही. बाबा अजून प्रयोगशाळेच्या स्टोअरमध्ये लोखंडी कपाटासमोर हात पसरून उभे आहेत आणि मला म्हणतायत, "आधी मला बाजूला कर, मग बघू."

बाबा इथले स्टोअरकीपर, मी सुरक्षा सहायक. घरी ते माझे बाप, इथेही तेच. फक्त इथे माझ्या सहीशिवाय त्यांना स्टूलसुद्धा सरकवता येत नाही.

इथर फार काळ साठवायचं नसतं. बाटली सीलबंद असली तरी हवा कुठून तरी आत शिरते, इथरचं स्फोटक पेरॉक्साइड होतं, ते झाकणाच्या आट्यांत सुकून बसतं. मग कुणी भाबडेपणाने झाकण फिरवलं, की झाकण, हात आणि छत यांचे एकमेकांशी संबंध उरत नाहीत. म्हणून बाटलीवर तारीख घालायची, नवा माल मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा. हे मला बाबांनीच शिकवलं. आमच्या घरी चमचेसुद्धा याच नियमाने चालतात. धुतलेल्यांतला वरचाच चमचा उचलला की बाबा म्हणतात, "खालच्याने काय पाप केलंय?"

आणि याच माणसाने प्रत्येक नवी बाटली पुढे लावत एक जुनी बाटली ढकलत ढकलत पार भिंतीला टेकवली होती. आज तपासणीत ती मला सापडली.

कारण तिच्यावरचं लेबल आईच्या हातचं होतं. आईही याच स्टोअरमध्ये होती, लेबलं तीच लिहायची. अक्षर इतकं सालस, की विषारी मिथेनॉलसुद्धा चांगल्या घरचं वाटायचं. मग तिचा हात थरथरायला लागला आणि तिने नोकरी सोडली. तिची लेबलं बाटल्यांबरोबर एकेक करत संपली. उरली ही: "इथर. गार जागी ठेवा. अजिबात हलवू नका."

"बाबा, मुदत संपून जमाना झाला हो."

"माझीही संपलीय. मला टाकलंस का?"

"तुमचा स्फोट होत नाही."

"आईला विचार."

"बाबा!"

"बरं, ओल्या फडक्याने लेबल तेवढं सोडवून घेतो. हळूच."

"बाटलीला हात लावायचा नाही. आणि बिनलेबलाची बाटली विल्हेवाटीवाले नेत नाहीत. मी दारातून फोटो काढतो."

"फोटो काय करायचाय? तिने हात टेकलाय का त्यावर?"

यावर सुरक्षा नियमावलीत उत्तर नव्हतं. मी बाबा सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं आणि प्रकरण वरच्या कोर्टात नेलं, म्हणजे आईला फोन केला. ती घरच्या चपलांवरच आली आणि दारात थांबली.

"अहो, बाहेर या."

"अगं, हे तुझं शेवटचं..."

"शेवटचं काय? मी गेलेय का कुठे?"

"तसं नाही गं."

"याचं टेबल कुठे असतं?"

बाबांनी कपाटाशेजारी बोट दाखवलं. माझी खुर्ची कपाटाला चिकटूनच आहे.

"माझ्या अक्षरापायी पोराला बाँबशेजारी बसवलंत होय?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले, जणू मी आजच्याच मालात आलो होतो. मग त्यांचे पसरलेले हात खाली आले. त्यांनी किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी मूठ मिटवली.

विल्हेवाटीचं पथक आलं आणि गाढ झोपलेल्या साहेबाला न्यावं तसं, पाय न वाजवता, बाटली लेबलासकट घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी नवं इथर आलं. पाठोपाठ आई आली, स्वतःचं पेन घेऊन. बाबांनी टेबलावर लेबल दोन्ही हातांनी दाबून धरलं. ती लिहीत राहिली. पहिलं अक्षर आधी डोंगर झालं, मग भूकंप.

"वा! छान आलंय."

"खोटं बोलू नका."

"अगं, मला वाचता येतंय."

"तुम्हाला आधीच माहितीय काय लिहिलंय ते."

"तेच म्हणतोय मी."

लेबल तपासणं माझं काम. मी तपासलं, आणि अर्ज लिहायला बसलो:

प्रति, सुरक्षा विभाग. सोबतचे लेबल नियमानुसार अवाचनीय असल्याचे मी सहीनिशी नोंदवले असून बाटलीवर छापील लेबल लावले आहे. तथापि स्टोअरकीपर सकाळपासून सदर लेबल विनाअडचण वाचत आहेत. सबब, नियमातील 'सर्वांना वाचता येईल असे' या शब्दांऐवजी 'निदान एका माणसाला वाचता येईल असे' हे शब्द घालावेत आणि सदर लेबलास मुदतीची अट लावू नये, ही विनंती.