कच्ची कबर

“मिस्त्री, हितं लोखंड लागतंय!” बिराप्पा खड्ड्यातून ओरडला.

शांतवन मिस्त्री कबरस्थानाच्या फाटकाशी वाळू चाळत होता. त्यानं मानही वर केली नाही. “चिंचेचं मूळ असंल. घाल कुऱ्हाड.”

“मूळ वाजतंय व्हय असं खण्णकन?”

चाळण टाकून शांतवन उठला. चर्चचे म्हातारे पाळकसाहेब आदल्या रात्री वारले होते आणि दुपारी चारला माती होती. त्यांच्या मुलाला, जयराजला, आतून विटांची, वर ग्रॅनाइटची अशी पक्की कबर हवी होती. कोरेगावच्या बाजूच्या त्या गावात असलं काम शांतवनशिवाय कुणाला जमत नव्हतं. तो सकाळी विटा आणायला गेला तेवढ्यात जयराज बिराप्पाला जागा दाखवून गेला होता. बिराप्पा हा शांतवनचा जुना बिगारी. जागा दाखवली की खणायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

छातीएवढ्या खड्ड्यात उभा राहून बिराप्पानं काहीतरी सदऱ्याला पुसलं आणि वर दिलं. वीतभर लांबीची स्टीलची पट्टी होती. भोकाभोकांची, दोन स्क्रू अजून घट्ट बसलेले.

शांतवननं चिंचेकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं. खरं तर बघायची गरज नव्हती. ही पट्टी त्यानं मिरजेच्या दवाखान्यात खिडकीशी एक्स-रे धरून पाहिली होती. मंगल नळावर घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हाची ती.

“बिराप्पा, भाईर ये.”

“का वं?”

“भाईर ये म्हनतो न्हवं! माझ्या बायकूच्या अंगावर हुबा हायस तू.”

बिराप्पा असा वर आला की जणू चटका बसला. त्यानं दोन्ही गालांत मारून घेतलं. मंगलच्या हातच्या भाकरी त्यानं कितीतरी वर्षं खाल्ल्या होत्या. “आईच्यान सांगतो, मिस्त्री, मला ठावंच न्हाई. वर काय खूनबी न्हवती.”

खूण नव्हती हे खरंच होतं. आणि ती का नव्हती हे शांतवनइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

शांतवनचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. पण धर्म म्हणजे नाताळला नवे कपडे आणि ईस्टरला पहाटे उठणं, एवढाच. तो तिशीत असताना पाळकसाहेब गावात आले. मांडव घालून त्यांनी तीन रात्री एकच सांगितलं: प्रभू आपल्या हयातीत येणार. तुतारी वाजेल, मेलेले आधी उठतील, मग जिवंत असतील ते उचलले जातील. तव्यावरची भाकरी तव्यावर राहील. तयार आहात का? बाकीच्यांनी ऐकलं, रडले आणि घरी जाऊन जेवले. शांतवनच्या मात्र ते काळजात घुसलं. बिडी सुटली, दारू सुटली, तोंडातली शिवी सुटली. इथवर मंगलनं देवाचे आभारच मानले.

पण मग इतरही गोष्टी सुटल्या. आंबा लावायचा नाही, कारण तो फळायला दिवस कुठं राहिलेत? भिंतींना गिलावा नको. ज्या माणसानं निम्म्या गावाला दुमजली घरं बांधून दिली, त्याच्या घरात स्वयंपाकाचा साधा ओटा नव्हता. मंगल खाली बसून स्टोव्हशी झगडायची. “परभू यील तवा यील,” ती म्हणायची, “तवर हुबं ऱ्हाऊन भाकरी करू द्या की मला.” शांतवन हसायचा. “किती दिसांसाठी गं?” ते ‘किती दिवस’ मंगलला जन्मभर पुरले. मांडीत पट्टी बसल्यावर डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हासुद्धा त्यानं फळवाल्याकडून एक खोकं आणलं आणि त्यावर स्टोव्ह ठेवून दिला. बायको पाय लांब करून, तिरकी बसून भाकरी थापायची आणि नवरा दुसऱ्यांच्या घरी कडाप्प्याचे ओटे बसवत फिरायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बारा वर्षांपूर्वी मंगल गेली तेव्हा मुलगी सोनिया म्हणाली होती, निदान चार विटांची कड तरी घालू या. त्यानं ऐकलं नाही. माती मोकळी राहू दे, तिला उठायचंय. त्यावर पाळकसाहेबांनी चर्चमध्ये भर मंडळीत त्याची पाठ थोपटली. “विश्वास असावा तर शांतवनसारखा!” त्या एका थापेवर तो पुढं कितीतरी दिवस छाती काढून चालला. कबरीकडे मात्र फिरकला नाही. कबरीवर रडायला जाणं म्हणजे अविश्वास, असं पाळकसाहेबांनीच शिकवलं होतं. लाकडी क्रूस वाळवीनं खाल्ला आणि वर गवत माजलं.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. जयराज उतरला. विमा एजंट, मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी, माणूस तसा सज्जन. “जय ख्रिस्त, काका. कुठवर आलं?” असं म्हणत तो जवळ आला आणि शांतवनच्या हातातली पट्टी बघून थबकला.

“मंगल हाय ती,” शांतवन म्हणाला.

“अरे देवा!” जयराजचा चेहरा उतरला. “काका, खरंच सांगतो, काकूंची जागा ही हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पुण्यात होतो.”

“इचारायचं तरी हुतंस.”

“कुणाला विचारणार? जागाच उरली नाही म्हणून दहा वर्षांवरच्या कच्च्या कबरी पुन्हा वापरायचा ठराव झालाय.” तो जरा घुटमळला. बोलू नये ते बोलून गेला. “काका, त्या ठरावाला पहिला हात तुमचाच वर गेला होता.”

गेला होता. बाकीचे कुरकुरत होते, माझा आजा आहे, माझी चुलती आहे म्हणत होते, तेव्हा शांतवन उठून म्हणाला होता, “आवं, दहा वरसं हितं ऱ्हातंय कोन? करा ठराव!” सगळे हसले होते. पाळकसाहेबांनी मोठ्यानं आमेन म्हटलं होतं.

 शांतवनची नजर विटांच्या ढिगाकडे गेली.

“जयराज, पाळकसायबांस्नी पक्की कबर कशाला? माती मोकळी ठेवा असं त्येंनीच शिकवलं न्हवं आमाला?”

जयराज मातीकडे बघत म्हणाला, “अण्णांनीच सांगितलं होतं, काका. अंथरुणाला खिळल्यापासून रोज म्हणायचे. माझी पक्की कर. विटा घाल, वर दगड घाल. मला कुणी उकरून काढता कामा नये.”

“रोज?”

“रोज.”

“मी दर आयतवारी येत हुतो की बसायला. पाय चेपत हुतो त्येंचे. माझ्याम्होरं कवा म्हनले न्हाईत.”

“तुमच्यासमोर कसं म्हणतील, काका?” जयराज हळूच म्हणाला.

शांतवनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा मरणाला भ्याला, याचा राग नव्हता. भीती कुणाला वाटत नाही? राग होता तो गप्प बसल्याचा. रविवारमागून रविवार हा पायाशी बसलेला, आणि त्या माणसाच्या तोंडून एक वाक्य निघू नये? शांतवन, मंगलवर चार विटा घाल. बस्स, एवढंच हवं होतं. स्वतःसाठी पोराला रोज सांगितलं आणि शिष्याला मात्र शेवटपर्यंत विश्वासावर ठेवलं!

जयराजनं खाकरून वाट काढायचा प्रयत्न केला. “काका, अशा वेळी अस्थी कापडात बांधून त्याच खड्ड्यात तळाला ठेवतात. वर मातीचा थर, मग पेटी. सगळीकडं असंच करतात.”

“म्हंजे तळाला मंगल, तिच्यावर तुझे अण्णा, त्येंच्यावर ग्रॅनाइट. आन उद्या खरंच उठायची येळ आली, तर तिनं कुनाकुनाला ‘सरका’ म्हनायचं?”

हसावं की रडावं, हे जयराजला समजेना. बिराप्पानं तोंड फिरवलं.

“पल्याडच्या भिंतीकडंला, नळापाशी मला जागा दे.”

“काका, ती जागा सभासदांसाठी राखून...”

“आन मंगल कोन हुती? फुकट उपासनेला येत हुती व्हय?”

जयराज ओशाळला. “घ्या, काका. तुम्हाला पाहिजे तेवढी घ्या.”

“तुझ्यातलं सिमिट आन विटाबी घेतो. मजुरीतनं काप.”

“मजुरीचं नाव काढू नका,” असं पुटपुटत तो गेला. घरी पाहुणे जमले होते आणि पेटी अजून यायची होती.

शांतवन स्वतः खड्ड्यात उतरला. बिराप्पाला त्यानं पुन्हा उतरू दिलं नाही. हातानं माती उकरून एकेक हाड तो वर ठेवत गेला. निम्मं झालं असेल तेवढ्यात सोनिया आली. सांगलीला एका दवाखान्यात ती नर्स होती. पाळकसाहेबांच्या मातीसाठी रजा काढून, हातात फुलांचं चक्र घेऊन आली होती. फाटकाशीच बिराप्पानं तिला सगळं सांगितलं. तिनं चक्र तिथंच गवतावर टाकलं. खड्ड्याशी येऊन बघते तो हाडं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर मांडलेली.

“पिशवीवर नको, आबा.” अंगावरची ओढणी काढून तिनं जमिनीवर पसरली आणि सगळं हलक्या हातानं तीवर घेतलं. ती पट्टीही घेतली. मग वाकून बापाकडे बघत म्हणाली, “मी सांगितलं होतं, आबा. चार विटा म्हटलं होतं.”

“म्हनली हुतीस.”

“मला म्हणालात, तुझा विश्वास कच्चा आहे.”

“म्हनालो.”

“आई ओटा मागून मागून गेली.”

“गेली.”

ती भांडायला आली होती, आणि समोरचा माणूस एकही शब्द खोडत नव्हता. अशा माणसाशी भांडणार तरी कसं? ती तिथंच बसली आणि ओढणीच्या कडेत तोंड घालून रडली. शांतवनला वाटलं, वर यावं, तिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण हात मातीनं भरलेले होते आणि माती कुणाची होती हे त्याला ठाऊक होतं. तो खालीच उभा राहिला.

डोळे पुसून ती म्हणाली, “जयराजदादाला सांगा, दुसरीकडं खणा म्हणावं. ह्या खड्ड्यात नाही घालायचं त्यांना.”

“न्हाई. आता दुसरा खड्डा कवा खनून व्हायचा? मढं ताटकळत ठिवायचं न्हाई, कुनाचंबी.” उरलेली हाडं सोनियाच्या हाती देऊन त्यानं बिराप्पाला विटा खाली सोडायला सांगितल्या. पाळकसाहेबांची कबर त्यानं आतून ओळंबा लावून बांधली. एक वीट वाकडी बसली तर ती काढून पुन्हा बसवली. काम करताना त्याच्या डोक्यात नाही नाही ते येत होतं. पण हात कामात कुचराई करायला तयार नव्हते.

चारला पेटी आली. अख्खी मंडळी पांढऱ्या कपड्यांत जमली. तरुण नवे पाळक स्पीकरवरून बोलत होते: प्रभू दाराशी उभा आहे, आपले पाळकसाहेब आयुष्यभर तयार राहिले, आपणही तयार राहू या. सगळे आमेन म्हणाले. शांतवन त्या गर्दीत नव्हता. तो पलीकडे भिंतीशी होता. बिराप्पानं खणून दिलेल्या लहान खड्ड्यात सोनियानं ओढणीची मोट अलगद ठेवली. प्रार्थना कुणी केली नाही. सोनिया बापाच्या तोंडाकडे बघत थांबली, तो म्हणाला, “माती लोट.”

मग त्यानं चारी बाजूंनी विटा उठवल्या. वर सळयांची जाळी अंथरली, घराच्या छताला घालतात तशी, दुहेरी. बिराप्पा माल कालवून घमेल्यावर घमेली देत राहिला आणि शांतवन थापत राहिला. माती आटोपून परत निघालेली माणसं घोळक्यानं थांबली. नव्या पाळकांनी जवळ येऊन पाहिलं.

“मिस्त्री, एवढं जाड? कबर आहे, पाण्याची टाकी नव्हे.”

“मिस्त्री मी हाय न्हवं?” शांतवन म्हणाला. पाळक निघून गेले.

गर्दी पांगली. सोनिया नळावर हात धुऊन आली आणि बापाशेजारी उकिडवी बसली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

“आबा, आणि तुतारी वाजली तर?”

शांतवन ओल्या सिमेंटवरून गिलाव्याचा लाकडी रंधा फिरवत होता. कोपऱ्यापर्यंत नेऊन त्यानं तो परत आणला.

“वाजली तर परभू फोडंल की. त्येच्या सोताच्या कबरीवर धोंड हुतीच, ती सरकली न्हवं? त्येला काय जड हाय?” त्यानं रंधा बाजूला ठेवला. “आन न्हाई वाजली, तर माझ्या बाईला परत कुनी उकरायचं न्हाई.”

सोनियाला शेवटची एसटी गाठायची होती. बिराप्पानं तिला स्टँडवर सोडायला सायकल काढली. जाता जाता त्यानं विचारलं, “मिस्त्री, तुमी येतासा न्हवं?”

“व्हा तुमी म्होरं. हितं कुत्री लय हैत. माल ओला हाय, पाय उमटत्याल.”

नळाशेजारच्या दगडावर तो काठी घेऊन बसला. पाळकसाहेबांच्या कबरीवरची ताजी फुलं हुंगायला दोन कुत्री आली, तिथून वळून भिंतीकडे निघाली. शांतवननं काठी आपटली. ती पळाली आणि थोड्या वेळानं पुन्हा आली. सिमेंट बोटाला लागेनासं होईपर्यंत तो तिथून उठला नाही.