आईचे केस पांढरे कसे?

मी एक जुना मोबाइल आहे. मित्रांनो, रविराज या बागायतदाराच्या मुलाने मला हौसेने घेतलं आणि दोन वर्षांत माझी काच तडकवली. मग त्याच्या वावरात खतासाठी मेंढपाळ तात्याबांनी मेंढ्या बसवल्या, त्या बदल्यात त्याने मला त्यांना देऊन टाकलं. तात्याबांना फक्त फोन उचलता येई. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते त्यांच्या अकरावीतल्या मुलीच्या, अंजूच्या हातात.

सुट्टीत अंजू मेंढ्यांमागे माळावर असे. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मला चार्ज करून आणी आणि ‘दूरतारा’ ही अंतराळमालिका बघे. त्यातलं यान अर्ध्या दिवसात दुसऱ्या ताऱ्यावर पोचतं. प्रकाशालाही तिथं जायला चार वर्षं लागतात! मग यान प्रकाशाला मागे टाकतं कसं? यावर चाहत्यांचा एक ग्रुप दिवसभर भांडे. ग्रुपचा प्रमुख अभिमन्यू म्हणे, यान अवकाशात बोगदा पाडतं आणि जवळच्या वाटेनं जातं. बाकीचे माना डोलवत.

अंजूने सगळे भाग पुन्हा पाहिले आणि मागे मेंढ्या ओरडत असतानाच आपला आवाज भरून पाठवला, "यान प्रकाशाच्या पुढं पळतच न्हाई. जवळजवळ तेवढ्याच वेगानं जातंय. इतक्या वेगात घड्याळ सावकाश चालतं. अर्धा दिवस यानातल्यांचा हाय, घरच्यांची वर्षं गेली. कप्तानच्या आईचे केस बघा. पहिल्या भागात काळे, सहाव्यात पांढरे!"

"तू मेंढ्या मोज," अभिमन्यूने लिहिलं.

"मोजते. म्हणून तर एक कमी झाली तरी कळतं," अंजूने उत्तर दिलं.

त्याने तिला ग्रुपमधून काढून टाकलं. तिचे डोळे भरून आले.

"कावून रडतीस, पोरी?" तात्याबांनी विचारलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "काढलं तर काढू दे की. मेंढ्यांभोवतीची जाळी, वाघूर फाटली म्हनून मेंढ्या राखायचं सोडतो का आपून?"

अंजूने तिथेच नवा ग्रुप काढला. पंधरा दिवस त्यात ती आणि तिची मैत्रीण दीपमाला, दोघीच होत्या.

मग मालिकेचा नवा भाग आला आणि त्यात चक्क बोगदा दाखवला! दीपमालाचा फोन आला, "अंजू, हरलो गं आपण."

"न्हाई! मग चूक त्यांनीच केली. बोगद्यातून गेले तर घरीबी अर्धाच दिवस गेला. मग आईचे केस पांढरे कसे?"

हा प्रश्न तिने माझ्यावरून जिथं तिथं लिहिला. लोक जुने भाग पुन्हा काढून बघू लागले. एकेक जण तिच्याकडे वळू लागला. आज तिच्या ग्रुपात सहाशे जण आहेत. परवा अभिमन्यूनेही आत घ्यायची विनंती केली.

"ये. पण केसांचं उत्तर घेऊन ये," अंजूने कळवलं.

मित्रांनो, माझी बॅटरी आता तासभर टिकते. मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. खुशाल भंगारात घाला. पण अंजू बोलत असेल, तर तिचं बोलणं पुरं होईपर्यंत मला कोणी हात लावायचा नाही.