बाद दिवस

वाहतूक नियोजन कार्यालयात त्याला सगळे मिनिटराव म्हणत. कुठल्या रस्त्याला किती वेळ लागतो हे मोजायचं त्याचं काम, आणि ते तो इतकं चोख करी की साहेब त्याच्या आकड्याखाली डोळे झाकून सही ठोकत. नदीपलीकडची नवी वसाहत ते शहराचा मुख्य चौक, चाळीस मिनिटं. हा आकडा त्याचाच. त्यावर वसाहत मंजूर झाली, जाहिरातीत झळकली. धाकट्या बहिणीने तेव्हा एवढंच विचारलं होतं, "दादा, खरंच चाळीस?" छाती फुगवून तो म्हणाला होता, "मी स्वतः मोजलंय." तिने तिथे घर घेतलं.

आज तो तिच्याकडे जेवायला निघाला होता. ती कामावरून सुटल्यावर दोघं एकाच बसमध्ये शेजारी बसली होती आणि बस पुलाच्या तोंडाशी तासभर ठाण मांडून होती. पुढे ट्रक बंद पडला होता म्हणे.

बहिणीची नजर मोबाइलवरच्या वेळेवरून हलत नव्हती. नवरा बोटीवर, आठ-आठ महिने बाहेर. चार वर्षांची लेक वसाहतीतल्या एकुलत्या एका पाळणाघरात, आणि ते साडेसहाला बंद व्हायचं. तीनदा उशीर झाला की नाव कमी. दोनदा झाला होता. पाळणाघर गेलं की तिची प्रयोगशाळेतली नोकरीही गेलीच, कारण पोरीला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

"तू आधीची बस का नाही धरत?" हे त्याने विचारायला नको होतं.

"दादा, ही आधीचीच आहे! लवकर निघता यावं म्हणून मी दुपारची सुट्टी घेत नाही. डबा उभ्या उभ्या खाते. आमच्या मजल्यावरच्या दोघांनी तर शहरात खोल्या घेतल्यात, शनिवारी घरी येतात पाहुण्यासारखे. वसाहतीच्या शाळेत दोन शिक्षिका आल्या नि महिन्याभरात पळाल्या."

"रोज असंच असतं?"

"रोज असतं तर सोसलं असतं रे! दीड तास तर दीड तास, धरून चालले असते. एखाद दिवशी पस्तीस मिनिटांत पोचते आणि बावळटासारखी फाटकाशी उभी राहते. एखाद दिवशी हे."

मांडीवरच्या बॅगेत वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्याचा अहवाल होता. आणखी चार हजार घरं, आकडा तोच, उद्या सही. कार्यालयाची रीत जुनी होती. अपघात, खोदकाम, बंद पडलेली गाडी असा दिवस आला की त्यावर लाल पेन्सिलीने काट मारायची, कडेला 'बाद' लिहायचं आणि उरलेल्या दिवसांची सरासरी काढायची. यात कुणाला लबाडी वाटत नसे. त्याला वरिष्ठांनी तसं शिकवलं, त्याने नव्या पोरांना शिकवलं, आणि आपल्या आकड्यांच्या स्वच्छपणाचा त्याला केवढा अभिमान होता!

बस हलली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. सात वाजायला पाच मिनिटं असताना दोघं उतरून धावत सुटली. पाळणाघराची बाई हातात किल्ली घेऊन दारात उभी होती. पायरीवर पोर पाठीला दप्तर लावून पेंगत होती.

"ताई, मलाही घर आहे हो," बाई म्हणाली. ती वाईट नव्हती, दमलेली होती. "या जागेसाठी सातजण थांबलेत. सोमवारपासून नका आणू."

"ट्रक बंद पडला होता," तो मध्येच बोलला. "आजचा दिवस धरू नका."

"धरू नको म्हणजे? मी होते ना इथे. ही पोर होती."

बाईने कुलूप लावलं आणि निघून गेली. बहीण त्याच्याकडे वळली.

"धरू नका, असं म्हणता येतं?"

"आम्ही तसेच... असे दिवस आम्ही मोजणीत धरत नाही," त्याने खाली मान घालून सांगून टाकलं.

"माझ्या रस्त्याचे किती सोडलेस?"

"महिन्यातले चार."

तिने लेकीला उचलून कडेवर घेतलं. "मला तीनच पुरले," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.