सुटणारा डिंक आणि सनईवाला

आमचं छपाईचं ट्रेडल मशीन गेल्या फाल्गुनात भंगारात गेलं. तिघांनी पहारी लावून ते शेडबाहेर ढकललं, चौथ्यानं टेम्पोत दोर बांधला, आणि मशीन नारायणगावच्या रस्त्यानं पाठमोरं निघून गेलं.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरात तसं ठरलेलं आहे, म्हणून मीही तसंच धरून सांगतो.

तर मशीन आहे. खोडदला, आमच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. ते माझ्या चुलत्यांचं, म्हणजे भिमाजीतात्यांचं. पायानं चालवायचं, विजेचा संबंध नाही. तात्यांनी त्याच्यावर चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या. त्यांचं नाव होतं उठावाच्या कामासाठी. दोन ठशांमध्ये कागद दाबला की गणपती कागदातून वर यायचा. जुन्नर-आंबेगावात तेव्हा लोक पत्रिका वाचायच्या आधी तिच्यावरून अंगठा फिरवायचे. गणपतीचं पोट अंगठ्याला लागलं की पार्टी बरी. सपाट गणपती असला तर जेवायला जायचे, पण आहेराचा फेरविचार करून.

मी त्या आवाजावर वाढलो. खट्, मग चाकाचा एक लांब श्वास, मग खट्. त्या आवाजात मी झोपलो, पाढे म्हटले आणि एकदा नापासही झालो. लग्नसराईत दुपारी मशीन मध्येच थांबलं तर आम्ही सगळे झोपेतून दचकून उठायचो. शांततेची सवय नव्हती.

शेडच्या दारातून गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या पराती दिसतात. आकाशातली बारीकसारीक कुजबुजही त्यांना लागते म्हणे. गावातलं कुठलं यंत्र त्यात खरखर करतंय का, हे बघायला एकदा तिकडचे एक साहेब पेटी घेऊन आले होते. तात्यांनी त्यांच्यासमोर शंभर पत्रिका काढल्या. साहेब पेटीकडे बघून म्हणाले, "तुमच्या मशीनचं आम्हाला काहीच ऐकू येत नाही." तात्यांना तो अपमान वाटला. "एवढाल्या पराती लावल्यात," ते अजून म्हणतात, "आन कानानं भैऱ्या."

मग पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या. अंगठा अजूनही फिरतो, पण गणपती लागत नाही, सरकतो. शेवटची दोन वर्षं तात्या मशीनला नुसतं तेल घालत होते. दिवाळीनंतर एका टोमॅटो व्यापाऱ्यानं कॅरेट ठेवायला शेड मागितली.

तेव्हा तेजस्विनीताई पुण्याहून आली. ताई म्हणजे तात्यांची मुलगी. तिनं तिथल्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून ऑर्डर आणली होती. चिकट चिठ्ठ्यांची दोनशे पॅड, प्रत्येकात पन्नास चिठ्ठ्या, कोपऱ्यात उठावाचं चित्र. तात्यांनी तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला. "माल पास झाला तर मशीन ऱ्हाईल. न्हाई झाला तर पाडव्यापासून कॅरेट." शब्द त्यांचा त्यांनीच दिल्यामुळे पुढं रागवायला कुणी उरलं नाही.

"गणपतीच घेऊ ना, तात्या," ताई म्हणाली. "तुमचा गणपती गाजलेला आहे."

"ह्या चिठ्ठीवर लोकं काय लिवत्यात?"

"दूध आणणे. लाईटबिल भरणे."

"आन मंग?"

"मग फाडून टाकतात."

"देव न्हाई मिळायचा."

शेवटी सनईवाला ठरला. पूर्वी तो पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात असायचा, गाल फुगवून. गाल फुगलेला असल्यामुळेच पहिलं पॅड वाया गेलं. पन्नास गाल एकावर एक आले आणि पॅडला एका कोपऱ्यात टेंगूळ आलं. त्याच्यावर पेन ठेवला की गडगडत खाली.

तात्यांनी अर्धा दिवस विचार केला. मग कागद टेकवायच्या खुणा दर तीन कागदांनी गव्हाच्या दाण्याएवढ्या सरकवल्या. गाल पांगले, पॅड सपाट झालं. वर आणखी एक चमत्कार झाला. पॅडच्या कडेवरून अंगठा भरकन सोडला की सनईवाला डावीकडून उजवीकडं चालत जायचा.

"वरातच निघाली की," माझी चुलती झुंबरकाकू म्हणाली. तिनं सनईवाल्याला सात वेळा नेला आणला. मशीन वाचलं असं मी त्या दिवशी धरून चाललो. तेव्हापासून मी काही धरून चालत नाही, मशीन अजून शेडमध्ये आहे हे एक सोडून.

राहिला होता डिंक. तो ताईनं डब्यात आणला होता. चिकटतो, ओढला की सुटतो, परत दुसरीकडं चिकटतो. तात्यांनी तो दोन बोटांत घेतला, बोटं मिटली, उघडली.

"चिकटतो, पण नांदत न्हाई."

"तेच पाहिजे, तात्या."

"कुणाला?"

"गिऱ्हाइकाला."

"गिऱ्हाइकाला कुणीतरी फसवलंय, तेजू."

ताई हसली आणि रविवारच्या एसटीनं पुण्याला गेली. ती हसायला नको होती. जन्मभर लग्नं जोडणाऱ्या माणसाच्या हातात तिनं सुटणारा डिंक ठेवला होता आणि पाठ फिरवली होती.

तात्यांनी काकूला कणकेची खळ शिजवायला लावली. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातलं. पत्रिकांची पाकिटं ते ह्याच खळीनं चिकटवायचे. मग अर्धा डबा डिंक आणि अर्धी बादली खळ एकत्र घोटली. त्यात लबाडी नव्हती. गिऱ्हाइकाची दया होती. मी शेजारी बसून ब्रश धुतले. मला वाटलं, असंच करतात.

तीन दिवस मशीन चाललं. खट्, श्वास, खट्. घरात सगळ्यांना गाढ झोप लागली. पहिल्या पत्रिकेला लावायचे तसं तात्यांनी पहिल्या पॅडच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, ते देवापुढं ठेवलं आणि बाकीची सगळी पॅड जात्याखाली दाबली.

शनिवारी ताई आली. तिनं वरची चिठ्ठी धरून ओढली, तर अख्खं पॅड वर आलं. आणखी जोर लावला, तर सनईवाल्याचा अर्धा गाल तिच्या हातात आला.

"तात्या, हे सुटत नाही."

"सुटणारच न्हाई," तात्या समाधानानं म्हणाले. "तुझ्या लग्नाची पाकिटं ह्याच खळीनं लावली व्हती. आजून उघडली नसतील कुणी."

ताईच्या लग्नाला मंचरकडचं एकही माणूस का आलं नव्हतं, ते आम्हाला सोळा वर्षांनी कळलं.

तरी ताईनं माल नेला. दुकानदारानं एक पॅड टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवून घेतलं, बाकीची सगळी परत दिली. पण पोरगी तात्यांचीच. तिनं त्याच्याकडून एक आठवडा मागून आणला.

"पुन्हा करू. फक्त डब्यातल्या डिंकानं. कागद मी आणलाय."

तात्यांनी एक चिठ्ठी तिच्या पद्धतीनं केली. मशीनच्या चाकाला लावली. काढली, निघाली. परत लावली. चाकाला एक फेरा दिला तर चिठ्ठी तरंगत खाली आली आणि सनईवाला तेलाच्या थारोळ्यात पडला. तात्यांनी चाक हातानं थांबवलं.

"लोकांनी आपल्या पत्रिका पेटीच्या तळाशी ठेवल्यात, तेजू. शेजारच्या धोंडाबाईनं तर देव्हाऱ्यात लावलीय. आन हे पडतंय."

"पडायलाच पाहिजे ते. तात्या, मशीन जाईल."

"जाऊ दे. पण जाता जाता त्याच्याकडनं असला माल काढून घेऊ नगं."

ताईनं तेलातला सनईवाला उचलला, पुसला आणि पर्समध्ये ठेवला. त्याला चिकटायला कुठंही चाललं असतं, पण तो तिच्या पर्समध्ये राहिला.

आता जे सांगतो ते झालेलं नाही, पण झालं असतं तर असं झालं असतं. टेम्पो आला तेव्हा तात्यांनी एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं "चालू आहे" असं लिहिलं आणि शुद्ध खळीनं ती मशीनच्या छातीवर लावली.

"काका, तेवढी चिठ्ठी काढा," भंगारवाला म्हणाला. "आम्ही चालू माल घेत नाय."

"काढ की तूच."

त्यानं नखानं खरवडलं. पाणी लावलं. करवतीचं पातं आणलं. मग घड्याळ बघून तसंच टेम्पोत चढवलं. पराती मागं ठेवून मशीन रस्त्याला लागलं तेव्हा सनईवाला सगळ्यात पुढं होता.

पाडव्यापासून शेडमध्ये छतापर्यंत कॅरेट आहेत. मधे स्टुलापुरती जागा सोडलेली आहे. तात्या सकाळी नऊला तिथं बसतात आणि त्यांचा उजवा पाय वरखाली होत राहतो. काकू चहा घेऊन जाते आणि अजून शेडमध्ये ओरडूनच बोलते, कारण तिथं साधं बोललेलं कधी कुणाला ऐकू गेलेलं नाही. दुपारी मात्र घरात कुणालाच झोप लागत नाही. म्हणून मी पुढील अर्ज लिहिला आहे आणि पाकीट घरच्या खळीनं चिकटवलं आहे.

प्रति,
मा. प्रमुख, दुर्बीण कार्यालय, खोडद.

विषय: आवाज परत मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आमचे राहते घरालगत चाळीस वर्षे एक पायमशीन चालत होते व आहे. आपल्या प्रतिनिधींनी समक्ष येऊन त्याचे काहीही ऐकू येत नसल्याचे सांगितले होते. आवाज आकाशात जात नाही, हे अर्जदारास नववीत दोनदा शिकवलेले आहे. तथापि तो गावातही राहिलेला नसल्याने अन्यत्र गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी आपल्या पराती सवडीने एक दिवस आमच्या शेडच्या दिशेने वळवून सदर आवाज कोठे आढळल्यास त्याची एक प्रत दुपारी एक ते तीन या वेळेसाठी अर्जदाराच्या चुलत्यांना देण्याची कृपा व्हावी. मूळ आवाज आपण ठेवून घेतल्यास आमची हरकत नाही.

सोबत: सनईवाला, एक नग. कृपया ओढू नये.